चुण्यांचा दोरा

पडदेवाले दोरा कधी कात्रीने कापत नसत, दाताने तोडत. तोडलेलं टोक जिभेवरून बोटावर घ्यायचं आणि मशीनच्या उजव्या हाताला ठेवलेल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, अशी त्यांची रीत. डब्याला झाकण होतं आणि ते दर वेळी लागायचं. त्यांच्या गुडघ्यांना, चष्म्याला आणि स्वभावाला नावं ठेवायला पुष्कळ जागा होती, पण ते दोरे जमिनीवर टाकतात असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. "माझ्या खोलीत जमिनीवर एक धागा दाखवा, मिशी उतरवून देतो," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत. मिशी पांढरी आणि भरघोस होती, आणि पडदेवाले तिला रोज कंगवा करत. म्हणजे पैज साधी नव्हती.

हा नेम सुरू झाला तो मफलरमुळे. मफलर हा सुनेचा बोका. राखाडी, लांब केसांचा, आणि गळ्याशी इतका दाट की थंडीत कुणी गुंडाळून बसावं. सुनेची आई गेली, भावाने घर विकलं, आणि त्या घरातून तिला उचलून आणता आलं ते हे एवढंच. लग्नानंतर महिनाभरात नवरा बोटीवर परत कामाला गेला. मागे राहिले सासरा, सून आणि बोका. सून चष्म्यांच्या दुकानात काम करायची, सकाळी जायची आणि दिवेलागणीला यायची. दिवसभर मफलर पडदेवाल्यांच्या वाट्याला.

"कापडाच्या घरात केसाळ जनावर," म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. आठवड्याभरातच बोका एकदा मशीनखाली पोट जमिनीला टेकवून, मान लांब करून असा काही खोकू लागला की हा आता मरतो म्हणून पडदेवाले अनवाणी चष्म्यांच्या दुकानापर्यंत धावत गेले. सून आली तोवर चटईवर बोटाएवढा केसांचा गोळा पडला होता आणि मफलर शांतपणे पंजा चाटत होता. सून हसली. ती या घरात मनापासून हसली ती तेव्हाच पहिल्यांदा, आणि पडदेवाल्यांना ते हसू अंगाला लागलं. अंगाचे केस चाटून चाटून पोटात जातात, तिथे त्यांचा गोळा होतो, बहुतेक वेळा तो आपोआप पडतो, हे सगळं तिने त्यांना समजावून सांगितलं.

मग काय, माणूस त्या विद्येच्या मागेच लागला. रोज सकाळी चहाच्या आधी कंगवा. उकडलेला लाल भोपळा कुस्करून चमचाभर खाण्यात. खिडकीत एका फुटक्या कुंडीत गव्हाचं गवत, हवं तेव्हा कुरतडायला. पाणी एका जागी न ठेवता घरभर वाट्या, म्हणजे जाता येता पितो. फारच खोकला तर पुढच्या पंजावर थोडं व्हॅसलीन, पंजा चाटला की ते पोटात जातं आणि गोळा सरकतो. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे डब्यातल्या माशाचं तेल. संध्याकाळी शिवण थांबण्याआधी पडदेवाले माशाचा डबा उघडून त्यात उजव्या हाताचं बोट बुडवायचे आणि मफलरपुढे धरायचे. बोका ते बोट डोळे मिटून लख्ख करायचा. पडदेवाल्यांच्या दिवसातला तो सगळ्यात चांगला वेळ होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

शेजारच्या बेकरीवालीची मांजरी असंच खोकून खोकून हैराण झाली होती, ती त्यांच्या भोपळ्याने बरी झाली. बेकरीवालीचं तोंड म्हणजे दवंडीच. लोक मांजरं पिशवीत घालून येऊ लागले. पडदेवाले मापं घ्यायचं सोडून मांजरांची पोटं चाचपू लागले. कौतुक झालं की माणूस बिघडतो, तसे तेही बिघडले. कुणी कुठल्याही तक्रारीचं मांजर आणलं तरी ते ऐकायच्या आधीच मान हलवून म्हणायचे, "गोळा आहे."

म्हणूनच त्या सकाळी मफलर मशीनखाली मान लांब करून खोकू लागला तेव्हा पडदेवाल्यांनी टाका अर्धाच ठेवला, खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि जवळपास खुशीत म्हणाले, "आला."

काही आलं नाही. थोडा फेस आला. मफलरने दोन पावलं मागे घेतली आणि पुन्हा खोकला, पुन्हा फेस.

सून पर्स खांद्याला अडकवून दारात उभी होती. "बाबा, काहीच पडलं नाही."

"पडेल. घाई केली की आत जातो."

त्यांनी पंजाला व्हॅसलीन लावलं. एरवी पंजाला चिकट काही लागलं की मफलर ते काढल्याशिवाय राहत नसे. आज त्याने पंजाकडे पाहिलंही नाही. तो तसाच व्हॅसलीनच्या पावलाने चालत कपाटामागे गेला. पडदेवाल्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि बोटाने व्हॅसलीन त्याच्या ओठांना लावलं. बोक्याने तोंड फिरवलं, लाळ गळली, पण थोडं पोटात गेलं. पडदेवाल्यांना वाटलं, झालं.

संध्याकाळी मफलर जेवला नाही. तेलाचं बोट पुढे धरलं तर वासही घेतला नाही. सून कपाटासमोर जमिनीवर पालथी पडून त्याला हाका मारत राहिली. आतून दोन डोळे दिसत होते, ते हाकेला हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला बसलीच नाही. "मी सुट्टी काढते. डॉक्टरीणबाईंकडे नेऊ या."

"डॉक्टरीणबाई काय करणार? सुई टोचणार, घाबरवणार. गोळा मोठा आहे, त्याला उतरायला वेळ लागतो. बेकरीवालीच्या मांजरीनेसुद्धा असंच केलं होतं."

"ती खात होती बाबा. हा खात नाही."

"सूनबाई," पडदेवाले म्हणाले. राग आला की ते तिला सूनबाई म्हणत, एरवी नुसतं अगं. "तू चष्मे बघ. मांजर मी बघतो."

सून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि खालचा ओठ दातात धरला होता. तिला या घरात येऊन अजून वर्ष व्हायचं होतं, आणि सासऱ्याचा शब्द मोडायचा तर कसा मोडायचा हे तिने अजून ठरवलेलं नव्हतं. दारात थांबून ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वाट बघते. मग तुम्हाला विचारणार नाही."

ती गेल्यावर पडदेवाल्यांनी व्हॅसलीनचा आणखी एक डोस दिला, आधीपेक्षा मोठा. बोक्याच्या पोटाला हात लागला तेव्हा तो ओरडला नाही, फक्त सगळं अंग ताठ करून राहिला. पडदेवाल्यांनी हात काढून घेतला. मनात कुठेतरी खुट्ट झालं होतं. पण आता मागे फिरायचं म्हणजे सकाळी बोललेलं सगळं परत घ्यायचं, आणि ते या वयात जड जातं. त्यांनी स्वतःला कामाला जुंपलं.

काम वकीलीणबाईंच्या पडद्यांचं होतं. दिवाणखान्याची जोडी, जाड निळं कापड, वरच्या कडेला दाट चुण्या. चुण्या घालायची पडदेवाल्यांची रीत जुनी होती. मेण लावलेला दुहेरी दोरा घेऊन वरच्या कडेने लांब लांब धावदोरा घालायचा, मग दोरा ओढत न्यायचा. दोरा ओढला की कापड त्याच्यावर गोळा होत जातं, त्याच चुण्या. शेवटची गाठ ते लगेच मारत नसत. दोन्ही टोकं एकेका टाचणीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून ठेवायची आणि पडदा दांडीला टांगायचा, म्हणजे गिऱ्हाइकाचं मन फिरलं तर चुण्या कमीजास्त करता येतात. वकीलीणबाईंचं मन तर फिरण्यासाठीच होतं. त्या येऊन बघून गेल्या, आधी म्हणाल्या कमी करा, मग म्हणाल्या वाढवा, मग म्हणाल्या कळवते. आज त्यांचा निरोप आला होता की राहू द्या तशाच. पडदेवाले गाठी मारायला खिडकीशी गेले.

जोडीतला डावा पडदा नीट होता. उजव्याला चुण्याच नव्हत्या. कापड वरपासून सपाट लोंबत होतं, आणि टोकाशी एक टाचणी उलटी होऊन अडकली होती. दुसरी टाचणी खाली पडली होती.

"सुटला वाटतं," असं म्हणून पडदेवाले वाकले आणि दोरा शोधू लागले. जमिनीवर नव्हता. मशीनखाली नव्हता. त्यांनी कापडाचा ढीग उपसला, चटई उलटली, डबा उघडून मांडीवर उपडा केला. डब्यात पांढरी, पिवळी, काळी टोकं होती, निळा मेणाचा दोरा नव्हता. पडद्याचा वरचा काठ नजरेसमोर धरून ते हळूहळू सरकत गेले. धावदोऱ्याची बारीक भोकं एका रांगेत दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळी रिकामी.

मग ते डाव्या पडद्याकडे वळले. का कोण जाणे, त्याचं लोंबणारं टोक त्यांनी नाकाशी नेलं.

माशाचा वास आला.

पडदेवाले खिडकीच्या कठड्यावर बसलेच. परवा वकीलीणबाई आल्या त्या संध्याकाळी ते बोक्याला तेल देत होते. घंटा वाजली, त्यांनी बोट एप्रनला पुसलं आणि तसेच जाऊन बाईंच्या समोर चुण्या ओढून दाखवल्या. मेणावर तेल बसतं आणि बसून राहतं. बाई गेल्यावर त्यांनी टोकं टाचणीवर गुंडाळली, दिवा मालवला आणि झोपले. ज्या वासाची त्या बोक्याला त्यांनी स्वतः सवय लावली होती, तो वास त्याच्या नाकाच्या उंचीवर लोंबत होता.

दार उघडलं तेव्हा ते कपाटासमोर जमिनीवर बसलेले होते आणि मफलर त्यांच्या मांडीत होता. सून जेवणाच्या सुट्टीत आली होती. तिला संध्याकाळपर्यंत धीर निघाला नव्हता.

"दिवा धर," पडदेवाले म्हणाले. "तो छोटा, बॅटरीचा. याच्या तोंडात."

त्यांचा आवाज ऐकूनच तिने धावत जाऊन दिवा आणला. पडदेवाल्यांनी दोन बोटांनी बोक्याचा जबडा उघडला आणि अंगठ्याने जीभ वर केली. जिभेच्या मुळाशी एक निळी रेघ होती. बारीक, ताठ, मांसात रुतलेली. दोरा जिभेला खालून वेढा घालून दोन्ही बाजूंनी घशात उतरत होता.

"दोरा आहे," सून म्हणाली. "बाबा, दोरा आहे. ओढा ना."

पडदेवाल्यांची बोटं आधीच तिथे पोहोचली होती. आयुष्यभर त्या बोटांनी दिसला दोरा की ओढला होता, त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. नखांत दोरा आला, चिमटीत बसला. मफलरने घशातून आवाज काढला.

आणि हात थांबला. तो का थांबला हे पडदेवाल्यांना हाताच्या नंतर कळलं. एक टोक अडकलेलं असताना दोरा ओढला की कापड सरळ होत नाही, गोळा होतं. घट्ट ओढला तर जुनं कापड दोऱ्यावर फाटतंसुद्धा.

त्यांनी चिमूट सोडली. "नाही. इथे अडकलाय. ओढला तर आत चुण्या पडतील."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीतल्या पडद्याकडे पाहिलं, डाव्या आणि उजव्या. ती हुशार मुलगी होती. तिला सगळं समजलं, आणि समजत असताना तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते पडदेवाल्यांना बघवलं नाही. कारण त्याच वेळी त्यांनाही पुढचं समजलं होतं. दोन दिवस ते वरून व्हॅसलीन देत होते, सगळं खाली सरकावं म्हणून. खालचं टोक पुढे सरकत होतं आणि वरचं जिभेला बांधलेलं होतं. आतड्याला चुण्या आधीच पडल्या होत्या.

बेकरीवालीची पावाची गाडी दारात उभी होती. तिने रिकामे ट्रे खाली फेकले आणि दोघांना मागे बसवलं. वाटेत सून मफलरला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरून बसली होती. पडदेवाल्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने खांदा वळवून बोक्याला पलीकडे घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलत. त्यांनी आधी तोंडात पाहिलं, मग पोट चाचपलं, मग हात धुता धुता विचारलं, "केव्हापासून?"

सुनेने पडदेवाल्यांकडे पाहिलं. तिला माहीत होतं, तरी उत्तर तिने त्यांच्यावर सोडलं.

"काल सकाळपासून," पडदेवाले म्हणाले.

"काही दिलंत?"

इथे एखाद्याने म्हटलं असतं, काही नाही. पडदेवाल्यांच्याही जिभेवर ते आलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं: व्हॅसलीन दिलं, दोनदा. भोपळा द्यायचा प्रयत्न केला. माशाचं तेल रोज देतो, माझ्या बोटाने. त्याच बोटाने दोरा ओढला म्हणून त्याला वास लागला, म्हणून याने गिळला. केसांचा गोळा असेल म्हणून घरीच ठेवला.

"गोळ्याला व्हॅसलीन चालतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गोळाच आहे हे कुणी ठरवलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली. मफलरला आत नेलं आणि दार बंद झालं.

बाहेर दोन बाकं होती. सून एकावर बसली, पडदेवाले दुसऱ्यावर. भिंतीवर कुत्र्याच्या दातांचं चित्र होतं, त्याकडे बघत दोघं बसले. दोरा जमिनीवर नव्हताच, लोंबत होता, असं पडदेवाल्यांच्या मनात एकदा येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःची इतकी किळस वाटली की ते उठून दाराशी जाऊन आले.

"मी सकाळी म्हटलं होतं," सून भिंतीकडेच बघत म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, तू चष्मे बघ."

"म्हणालो."

"माझ्या घरातलं काही राहिलं नाहीये बाबा. कपबशीसुद्धा नाही. हा एकटा आहे." ती आता त्यांच्याकडे वळली. "आणि मी तुमचं ऐकलं. मला कळत होतं, आणि तरी मी तुमचं ऐकलं. त्याचा मला जास्त राग येतोय."

पडदेवाल्यांना माफी मागायची होती. तोंड उघडलं, पण त्या शब्दाला त्या खोलीत काही किंमत आहे असं त्यांना वाटेना.

आतलं दार उघडलं आणि मदतनीस बाई मास्क खाली ओढत बाहेर आली. "डॉक्टर विचारतायत, दोरा केवढा होता?"

पडदेवाले उभे राहिले. "नक्की सांगता नाही येणार. अंदाजाने ओढतो मी, माप असतं ते कापडाचं."

"अंदाज नको म्हणतायत. जिभेखालचा कापलाय, आतड्यातून तुकड्या-तुकड्याने काढतायत. सगळा आला का ते कळायला हवं. थोडा जरी आत राहिला तर पुन्हा हेच."

"त्याचा जोडीदार आहे घरी," पडदेवाले म्हणाले. "डाव्या पडद्यात. दोन्ही दोरे मी एकदम तोडतो, एकाला एक लावून. काडीचा फरक नसतो."

त्यांचे गुडघे म्हणजे नुसता आनंद. सून त्यांच्याआधीच दाराकडे वळली होती. "मी आणते. कुठलं टोक सोडायचं?"

तिने आजवर त्यांच्या कामाला हात लावला नव्हता. त्यांनी लावू दिला नव्हता. "कुठलंही सोड," ते म्हणाले, "फक्त तोडू नकोस."

ती पावाच्या गाडीतून गेली. त्यानंतरचा वेळ पडदेवाल्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि थांबायचा. थांबला की ते बंद दाराकडे बघायचे. ती परत आली तेव्हा खांद्यावर अख्खा पडदा होता, निळं कापड मागे जमिनीवर घसटत होतं.

"मला ओढवेना," ती धापा टाकत म्हणाली. "भीती वाटली तुटेल म्हणून."

पडदेवाल्यांनी पडदा दुसऱ्या बाकावर आडवा टाकला, सून त्याच्या टोकाशी बसली. एका टाचणीवरून आठाचे वेढे उलगडले, मग पलीकडचे. एक टोक धरलं आणि ओढू लागले. दोन्ही टोकं मोकळी असली की दोरा निमूट येतो. चुण्या एकामागून एक उलगडत गेल्या, कापड पसरत गेलं आणि सुनेच्या मांडीवर येऊन सपाट पडलं. दोरा अख्खा हातात आला. त्याला अजूनही तो वास होता. मदतनीस बाईने तो ट्रेमध्ये घेतला आणि दार पुन्हा लागलं.

आता सून त्यांच्याच बाकावर बसली होती, कारण दुसऱ्यावर पडदा होता. दोघांपैकी कुणीही तो उचलला नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. कपाळाला टोपीचा वळ उठला होता. "वीतभर कमी भरत होता," त्या म्हणाल्या. "पुन्हा शोधला. जठराच्या तोंडाशी केसांच्या झुपक्यात गुंतून बसला होता. आतड्याला दोन जागी टाके घातलेत, त्या दोऱ्याने कापलं होतं. जिवंत आहे. खाऊ लागला की मग मी काहीतरी बोलेन, आज नाही."

म्हणजे गोळा होताच. पडदेवाल्यांचं निदान अगदीच काही चुकलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना कवडीचाही आनंद झाला नाही.

मफलर दवाखान्यात राहिला. घरात दोघं एकमेकांना ओलांडून वावरत होते. सून कामावर जाण्याआधी आणि आल्यावर दवाखान्यात जाऊन यायची, आणि परत आल्यावर एवढंच सांगायची, "अजून नाही." पडदेवाले खिडकीतल्या गवताला पाणी घालायचे. बेकरीवालीकडून एक माणूस पिशवीत मांजर घेऊन आला, खोकतं म्हणाला. पडदेवाल्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. "खातंय का?" त्यांनी विचारलं. माणूस म्हणाला, काल रात्रीपासून नाही. "मग इथे कशाला आलास? डॉक्टरीणबाईंकडे जा. आत्ताच्या आत्ता. आणि घरात दोरा, रिबीन, रबर काही कमी झालंय का ते आठवत जा वाटेत."

मग एका संध्याकाळी सून जिन्यातूनच ओरडत आली की खाल्लं. दोन चमचे खाल्लं आणि तिसऱ्यासाठी भांडला. ती स्वयंपाकघरात शिरली आणि जागच्या जागी थांबली. पडदेवाले चहा गाळत होते. नाकाखाली काही नव्हतं. वरचा ओठ लांबलचक, फिकट आणि अगदी अनोळखी दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली, "दोरा जमिनीवर नव्हता."

"लोंबत होता. तेच ते."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला पाठ फिरवावी लागली.

मफलर घरी आला तो अर्धा उघडा. पोट भादरलेलं, टाक्यांची रांग, आणि केस गेल्यामुळे एकाएकी लहान झालेला. टाके चाटू द्यायचे नाहीत, अंगात काहीतरी घाला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पडदेवाल्यांनी मऊ अस्तराचं कापड काढलं. सून समोर जमिनीवर बसली, मफलर तिच्या मांडीत. कंगवा तिनेच हाती घेतला होता, आणि तो पडदेवाल्यांनी मागितला नाही.

"नाडी लावू नका हं," ती म्हणाली.

"नाडी? या घरात आता माझ्या लेंग्यालासुद्धा नाडी नाही. बटणं लावतोय. पाठीवर, त्याला पोचणार नाहीत अशी."

बाहेर पावाची गाडी येऊन थांबली, ट्रे उतरल्याचा आवाज झाला. पडदेवाल्यांनी पहिलं बटण लावलं, दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि सवयीने कापड तोंडाशी नेऊन दोरा तोडला. टोक जिभेवरून बोटावर आलं. ते डब्याकडे वळणार तोच सुनेचा हात पुढे आला. तळवा वर करून तिने तो त्यांच्या हनुवटीखाली धरला होता. डोळे मात्र बोक्यावर होते.

पडदेवाल्यांनी त्या तळहातावर टोक ठेवलं. तिने मूठ मिटली, मफलरला अलगद बाजूला सारलं, उठून डबा उघडला, टोक आत टाकलं आणि झाकण लावून वरून दाबून पाहिलं. मग परत जागेवर येऊन बसली, बोक्याला मांडीत घेतलं आणि पुन्हा हात पुढे केला.

पडदेवाल्यांना सुईत दोरा ओवायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. मग त्यांनी दुसरं बटण लावायला घेतलं.